जुना स्टुडिओ फोटो कसा वाचायचा: एकोणिसाव्या शतकातल्या व्यक्तिचित्रांची ओळख पटवताना

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी पडलेला एक फोटो तुमच्या हातात आहे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक बाई उभी आहे आणि तिच्या मागे पडद्यावर रंगवलेली बाग आहे. पुठ्ठ्याच्या पाठीवर छायाचित्रकाराचं नाव नक्षीदार अक्षरांत छापलंय, पण बाईचं नाव कुठेच नाही. अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो तो ‘ही कोण?’ आणि नेमकी तिथेच वाट चुकते.

एका संग्रहातल्या काही शे स्टुडिओ फोटोंची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिले दोन महिने मी चेहऱ्यांकडेच बघत बसले. हे नाक त्या नाकासारखं, हे डोळे त्या डोळ्यांसारखे, अशा अंदाजांवर केलेल्या नोंदींपैकी बऱ्याच पुढे मला खोडाव्या लागल्या. त्यातून जो क्रम हाती लागला तो असा: आधी वस्तू, मग पुठ्ठा, मग कपडे आणि चेहरा सगळ्यात शेवटी. तुम्ही पहिल्या दिवसापासून हाच क्रम धरा.

जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी
- छोटं, कमी ताकदीचं लोहचुंबक
- बाजूने तिरपा उजेड टाकता येईल असा दिवा
- नायट्राइलचे हातमोजे (सुती मोज्यांचे धागे फोटोच्या कडांना अडकतात आणि काच हातातून निसटते)
- मऊ शिसपेन्सिल आणि आम्लमुक्त कागदाची पाकिटं
- कागदपत्रांपैकी वंशावळ, जुनी पत्रं, जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी आणि स्टुडिओ ज्या शहरात होता तिथल्या त्या काळच्या व्यवसाय-डिरेक्टऱ्या. अनेक ग्रंथालयांनी या डिरेक्टऱ्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

१. पुसू नका, उचकटू नका

डॅगेरोटाइप नावाचा फोटो चांदीच्या पातळ थरावर असतो आणि त्यातली प्रतिमा इतकी नाजूक असते, की मऊ कापडाचा एक हात फिरला तरी ती जाते, आणि गेलेली प्रतिमा परत आणता येत नाही. म्हणून डबीत बसवलेल्या फोटोवरची काच काढायची नाही. काच धूसर दिसत असेल तर दिसू द्या, ते काम संवर्धन-तज्ज्ञाचं आहे.

फोटो आल्बममध्ये असतील तर ते बाहेर काढण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मी स्कॅनिंगच्या घाईत एक अख्खा आल्बम रिकामा केला होता. पाचव्या पानावरच्या म्हाताऱ्या जोडप्यासमोर कोण बसलं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आल्बममधला शेजार हा पुरावा असतो, कारण नवरा-बायको समोरासमोर लावलेले असतात, भावंडं एका पानावर असतात आणि यजमान घराणं बहुधा सुरुवातीला असतं. तो पुरावा माझ्या हातून गेला, तुमच्या हातून जाऊ देऊ नका.

२. वस्तू कशाची आहे ते ठरवा

हातातला फोटो कागदावर आहे, काचेवर आहे की धातूवर? एवढ्या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

डॅगेरोटाइप आरशासारखा चमकतो. तो हातात धरून किंचित कलता करा. एका कोनातून चेहरा नीट दिसतो, तर दुसऱ्या कोनातून उजेडाच्या जागी अंधार येतो, किंवा तुमचाच चेहरा दिसतो. १८३९ साली पॅरिसमध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि १८५० चं दशक संपता संपता ती मागे पडली. म्हणजे असा फोटो हातात असेल तर काळाचा पट्टा जेमतेम वीस वर्षांचा उरतो.

अँब्रोटाइप काचेवर असतो. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत (काचेवर या चिकट द्रावणाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच फोटो घ्यायचा) प्रसिद्ध केली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. काचेवरची फिकट निगेटिव्ह काळ्या पार्श्वभूमीवर ठेवली की ती पॉझिटिव्ह दिसते, हेच या फोटोचं तत्त्व. मागचा काळा थर सोलला गेला असेल तर चेहऱ्यातून आरपार दिसतं. हे बहुतेक १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले आणि १८६० च्या दशकातले असतात.

टिनटाइपच्या नावात टिन असलं तरी तो काळं लाखेसारखं रोगण दिलेल्या लोखंडी पत्र्यावर असतो. त्याचं पेटंट १८५६ चं. लोहचुंबक मागच्या बाजूने, पाकिटावरूनच जवळ न्या, ओढ जाणवते. चुंबक प्रतिमेला टेकवू नका. टिनटाइप स्वस्त होता, काही मिनिटांत हातात मिळायचा, पडला तरी फुटत नसे आणि टपालाने पाठवता येई. म्हणून जत्रांमध्ये, छावण्यांमध्ये, फिरत्या गाड्यांवर तोच चाले. पण तो विसाव्या शतकातही काढला जात होता, त्यामुळे ‘टिनटाइप आहे’ एवढ्यावरून काळ ठरवू नका.

कागदावरचे फोटो बहुतेक अल्ब्युमेनचे असतात. यात अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावर प्रतिमा उतरवतात. भिंगातून पाहिलंत तर कागदाचे तंतू दिसतात. रंग तपकिरी-जांभळट असतो आणि उजळ भाग पिवळे पडलेले असतात. १८५० पासून शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत हाच कागद मुख्य होता, आणि या धंद्यासाठी ड्रेस्डेनच्या कारखान्यांत रोज हजारो अंडी फुटत. तंतू अजिबात दिसत नसतील आणि गडद भागांवर आरशासारखी चंदेरी झाक आली असेल, तर तो जिलेटिनचा कागद असण्याची शक्यता धरा. तो १८८० च्या दशकानंतरचा.

इथे एक सापळा आहे. भिंगाखाली चेहरा ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर हातात आहे ती छापखान्यातली प्रत. जुन्या चौकटीत बसवून मूळ फोटो म्हणून विकलेल्या अशा प्रती मी पाहिल्या आहेत.

३. पट्टी लावा

पुठ्ठा सुमारे ६४ × १०० मिलिमीटरचा असेल तर ते कार्त-द-व्हिझित. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती साधी होती. अनेक भिंगांचा कॅमेरा आणि सरकणारी चौकट वापरून एकाच काचेवर साधारण आठ छोटे फोटो काढायचे, एकाच कागदावर छापायचे, कापायचे आणि भेटकार्डाच्या मापाच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. काच, रसायनं आणि मजुरी यांचा खर्च आठांत वाटला जाई. शिवाय निगेटिव्ह उरत असल्यामुळे हव्या तितक्या प्रती निघत. डॅगेरोटाइप एकुलता एक असायचा, डबीत जपायचा. कार्त-द-व्हिझित मात्र डझनाने घ्यायची, वाटायची आणि बदल्यात दुसऱ्यांची घ्यायची. स्टुडिओचा फोटो सामान्य घरांत पोचला तो याच हिशेबामुळे.

पुठ्ठा सुमारे १०८ × १६५ मिलिमीटरचा असेल तर ते कॅबिनेट कार्ड. ते १८६६ पासून आलं. चेहरा मोठा दिसायला लागला, आणि मग सुरकुत्या झाकण्यासाठी निगेटिव्हवर पेन्सिलने रीटचिंगही वाढलं.

४. पुठ्ठा उलटा करा

नवख्या लोकांचं सगळ्यात मोठं दुर्लक्ष इथे होतं. पाठ ही पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलते.

पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनी, पाठीवर फक्त नाव-पत्ता असेल तर बहुधा १८६० च्या दशकाची सुरुवात. गोल कोपरे १८७० च्या दशकात रुळले. पुढे पुठ्ठा जाड होत गेला, गडद रंग आले, कडांना सोनेरी मुलामा आला, आणि पाठभर वेली, पंखे, कॅमेरे, चित्रकाराच्या रंगपट्ट्या छापल्या जाऊ लागल्या. हे ढोबळ आहे. लहान गावातला छायाचित्रकार जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरत असे, तेव्हा या अंदाजात पाचेक वर्षं इकडेतिकडे धरा.

छापलेली पदकं नीट वाचा. पॅरिस १८६७, व्हिएन्ना १८७३, फिलाडेल्फिया १८७६, पॅरिस १८७८ अशा प्रदर्शनांची नावं तिथे सापडतात. पाठीवर १८७८ चं पदक असेल तर तो पुठ्ठा १८७८ च्या आधीचा असूच शकत नाही.

अमेरिकेतल्या फोटोच्या पाठीवर महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर ती लॉटरीच समजा. यादवी युद्धाच्या खर्चासाठी तिथे १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंवर कर होता. काळ तर कळतोच, किंमतही कळते: २५ सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंटचं तिकीट, ५० पर्यंत ३ सेंटचं, एका डॉलरपर्यंत ५ सेंटचं. तिकिटावर शाईने मारलेली फुली किंवा तारीख बहुधा छायाचित्रकाराच्या हातची असते. माझ्या नोंदींमध्ये २ सेंटची तिकिटं पुन्हा पुन्हा यायला लागली, तेव्हा हा फोटो किती साध्या लोकांच्या आवाक्यात आला होता हे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमगलं.

हाताने लिहिलेला आकडा दिसला तर तो जपून टिपून घ्या. तो बहुधा निगेटिव्हचा क्रमांक असतो. मागणी आली की त्या आकड्यावरून काच शोधून नवी प्रत काढत. बहुतेक स्टुडिओंच्या वह्या नष्ट झाल्या, काचा खरवडून पुन्हा वापरल्या गेल्या. पण काही वह्या वाचल्या आहेत. लंडनच्या कामीय सिल्व्हीच्या वह्या तिथल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत, तर माँट्रियलच्या विल्यम नॉटमनच्या मॅककॉर्ड संग्रहालयात. अशा स्टुडिओचा आकडा हाती असेल तर नाव मिळण्याची खरोखर आशा असते.

स्टुडिओचा पत्ता डिरेक्टरीत शोधा. छायाचित्रकार जागा बदलत, भागीदार बदलत. अमुक रस्त्यावर तो अमुक तीन वर्षंच होता असं निघालं, की तुमचा काळाचा पट्टा तेवढा आवळला.

५. कपड्यांत सगळ्यात नवी गोष्ट शोधा

पाश्चात्त्य पोशाख असेल तर बायकांचे कपडे लवकर बोलतात. फुगलेला घंटाकृती घेर १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. मागे उचललेला घेर १८७० च्या दशकात आणि पुन्हा १८८० च्या दशकाच्या मध्यात. खांद्याशी फुग्यासारख्या बाह्या १८९० च्या दशकाच्या मध्यात. पुरुषांचा काळा कोट मात्र फारसं काही सांगत नाही.

काळ ठरवताना फोटोतली सगळ्यात नवी गोष्ट धरा, जुनी नको. आजी तिच्या तरुणपणातली टोपी घालून बसलेली असते. ज्यांच्याकडे चांगला कोट नाही त्यांच्यासाठी काही स्टुडिओंत कोट ठेवलेला असे. खांब, कठडा, पुस्तक, जड पडदा हे सगळं स्टुडिओचं सामान. हातात पुस्तक आहे म्हणून ती व्यक्ती शिकलेली होती, असं लिहू नका. आपण कसं दिसावं अशी तिची इच्छा होती, एवढंच त्यावरून कळतं. मला ते पुरेसं वाटतं. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं एकही चित्र कुणी काढलं नव्हतं, त्यांना पहिल्यांदाच स्वतःला हवं तसं दिसण्याची मुभा मिळाली होती.

कपडे पुठ्ठ्यापेक्षा वीस-तीस वर्षं जुने दिसत असतील तर थांबा. ती जुन्या फोटोची नंतर काढलेली प्रत असू शकते. भिंगातून मूळ डबीच्या चौकटीची कड किंवा टाचणीची भोकं दिसतात का ते पाहा.

६. कॅमेरा कुठे फसवतो ते ओळखा

डॅगेरोटाइप आणि टिनटाइप सहसा आरशातल्यासारखे उलटे असतात. डावा हात उजवा दिसतो, कोटाची बटणं विरुद्ध बाजूला जातात. अमेरिकेतला बंदूकबाज बिली द किड डावखुरा होता असं कित्येक वर्षं मानलं गेलं, कारण त्याच्या टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला आहे. त्याच फोटोतल्या विंचेस्टर रायफलीची गोळ्या भरायची खिडकी चुकीच्या बाजूला दिसते हे लक्षात आलं, तेव्हा फोटो उलटा आहे हे कळलं. तुम्हीही अंगठी कोणत्या हातात आहे यावरून लग्न झालं होतं की नाही ते ठरवण्याआधी बटणं तपासा.

कोलोडियनला निळा रंग पांढरट दिसतो, लाल आणि पिवळा काळपट. निळे डोळे जवळजवळ रिकामे दिसतात, चेहऱ्यावरचे वांग गडद होतात. म्हणून ‘काळा पोशाख, म्हणजे विधवा’ ही नोंद मी आता करत नाही. तो पोशाख लाल असू शकतो.

बुटांच्या मागे लोखंडी पाय दिसला तर तो डोकं स्थिर ठेवण्याच्या टेकूचा असतो. ओल्या कोलोडियनला काही सेकंद लागत, उजेड कमी असेल तर जास्तच, आणि तेवढा वेळ मान हलायला नको. या टेकूवरून ‘मृत माणसाला उभं करून काढलेला फोटो’ अशी कहाणी इंटरनेटवर फिरते आणि अशा नावाने फोटो महाग विकले जातात. तो टेकू जिवंत माणसाची मान स्थिर ठेवायला होता, निर्जीव शरीराचं वजन तो पेलू शकत नाही. मृतांचे फोटो काढले जात हे खरं, पण ते बहुतेक झोपलेले, पलंगावर किंवा शवपेटीत, आणि लहान मुलं आईच्या मांडीवर. पांढरट किंवा शाईने ठळक केलेले डोळे हाही मृत्यूचा पुरावा नाही. निळ्या डोळ्यांचं काय होतं ते आत्ताच सांगितलं.

बाळामागे कापड पांघरलेला एक आकार दिसतो का? ती बहुधा आई किंवा दाई असते, बाळ हलू नये म्हणून धरून बसलेली.

७. आल्बममधला प्रत्येक जण नातलग नसतो

१८६० मध्ये जॉन मेयॉल या छायाचित्रकाराने इंग्लंडच्या राजघराण्याच्या कार्त-द-व्हिझितचा संच विकायला काढला आणि ओळखीपाळखीच्या फोटोंशेजारी राणीचा फोटो लावायची लाट आली. सेनापती, नट्या, धर्मोपदेशक, कवी सगळे दुकानांत मिळत. म्हणून रुबाबदार अनोळखी माणूस सापडला, की ‘हे पणजोबा’ म्हणण्याआधी त्या काळच्या प्रसिद्ध माणसांचे फोटो पडताळा.

विकल्या जाणाऱ्या या फोटोंत एक फार मोलाचा गट आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रूथने स्वतःचे फोटो काढून घेतले, व्याख्यानांना आणि टपालाने विकले आणि त्यावर चरितार्थ व चळवळ चालवली. तिच्या कार्डावर छापलेलं असे की ‘मी देह जगवण्यासाठी सावली विकते’. गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लसने तर आयुष्यभरात सुमारे १६० वेळा फोटो काढून घेतले, बहुतेक सगळे न हसता, थेट रोखून बघत. कृष्णवर्णीयांची जी विद्रूप चित्रं छापली जात, त्यांना त्याचं हे उत्तर होतं. पूर्वी राजालाही पैसे टाकून मिळालं नसतं असं चित्र आज मोलकरणीला मिळतं, असं त्याने १८६१ च्या व्याख्यानात म्हटलं होतं.

८. फोटो कुणाच्या मर्जीने काढला, हे विचारा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते. मला ती वगळता येत नाही.

स्टुडिओ सगळ्यांसाठी उघडला, पण सगळे स्वतःहून आत गेले नाहीत. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियात जोसेफ झीलीच्या स्टुडिओत रेंटी आणि त्याची मुलगी डेलिया यांच्यासह काही गुलाम स्त्री-पुरुषांना विवस्त्र करून त्यांचे डॅगेरोटाइप काढले गेले. ते हार्वर्डच्या लुई अगासी या प्राध्यापकाला वंशभेदाचा ‘पुरावा’ म्हणून हवे होते. तेच तंत्र, तोच उजेड. गोऱ्या मुलाला मांडीवर घेतलेली कृष्णवर्णीय दाई अनेक फोटोंत दिसते. मुलाचं नाव पाठीवर असतं, तिचं नसतं.

उलट बाजूने, हैदराबादेत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तिथलं काम स्त्रीच्या हाती दिलं, म्हणजे परक्या पुरुषासमोर न येता त्यांना फोटो काढून घेता येईल. नोंद करताना ‘फोटो कुणी मागवला, पैसे कुणी दिले’ हा रकाना ठेवा, उत्तर रिकामं राहिलं तरी.

९. आता चेहरा

इथवर आल्यावर तुमच्याकडे पाच-दहा वर्षांचा पट्टा, एक शहर आणि अंदाजे वय असतं. आता वंशावळ उघडा आणि त्या वर्षांत, त्या गावात, त्या वयाचं कोण होतं ते काढा. मग चेहरे जुळवा. जुळवताना कानांचा आकार पाहा, दाढी आणि केस बदलतात. एकट्या चेहऱ्यावर नाव कधीच लिहू नका.

चेहऱ्याशिवाय ओळख पटते याचं सगळ्यात मोठं उदाहरण १८६३ चं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर एक अनोळखी सैनिक मरून पडलेला सापडला. त्याच्या हातात तीन मुलांचा अँब्रोटाइप होता, नाव कुठेच नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापता येत नसत, म्हणून फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाने फोटोचं फक्त वर्णन छापलं. त्यात मुलांची अंदाजे वयं होती, आणि मोठ्या मुलाचा सदरा नि बहिणीचा झगा एकाच कापडाचा आहे हेही होतं. ते वर्णन दुसऱ्या पत्रांनी उचललं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिलमध्ये फिलिंडा ह्युमिस्टनपर्यंत पोचलं. असा फोटो तिने नवऱ्याला पाठवला होता. खात्रीसाठी कार्त-द-व्हिझितवर काढलेली प्रत तिच्याकडे आली आणि आमोस ह्युमिस्टनला त्याचं नाव परत मिळालं. मुलांच्या त्या फोटोच्या प्रती विकून पैसे उभे केले गेले आणि १८६६ मध्ये गेटिसबर्गला सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी आश्रम उघडला. म्हणून वर्णन लिहिताना कापडाचा पोत, शिवण, बटणं लिहा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

१०. नोंद लिहून ठेवणं

नाव पाठीवर, कडेजवळ, मऊ पेन्सिलने, हात हलका ठेवून लिहा. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो आणि शाई झिरपते. टिनटाइपवर आणि काचेवर काहीच लिहू नका, पाकिटावर लिहा, तेही फोटो आत घालण्याआधी. फोटो थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. माळा आणि तळघर दोन्ही टाळा.

जे कळलं ते आणि ते कशावरून कळलं, हे दोन्ही लिहा. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं ठेवा. माझी एक नोंद अशी आहे: ‘कार्त-द-व्हिझित, अल्ब्युमेन. काटकोनी कोपरे. २ सेंटचं तिकीट, म्हणजे १८६४–६६. तरुण स्त्री, मांडीवर बाळ. बाळाचा हात हलल्यामुळे पुसट. बाळाच्या झबल्याला तीन आडव्या चुण्या, वरची चूण हाताने पुन्हा शिवलेली. नाव अज्ञात. आल्बममधलं स्थान माझ्याकडून हरवलं.’